मावशे, म्या शर्ट बी टांगला

मावशे, पोरगी आत्ताच झोपली हाय, ती उठायच्या आत मला हे लिहायचं हाय, म्हणून मदीच कुठं तुटलं तर समजून घे. गुरुजी म्हणले, शाळेच्या अंकात मावशीवर कुणीतरी लिहायला पायजे, सुरेखा तू लिही. म्या म्हणलं गुरुजी मी सातवी शिकलेली, ती बी धड न्हाई, मला भ्या वाटतं. ते म्हणले चुका आमी दुरुस्त करू. म्या म्हणलं मग ऱ्हाऊ द्या, चुका दुरुस्त केल्या तर मावशीला वळखूच यायचं न्हाई कोण बोलून राहिलं ते. ते हासले आन म्हणले, जशी बोलतीस तशी लिही. तर तशी लिहून राहिले. तू कुठं जन्मलीस आन कवा वारलीस ते मी लिहिणार न्हाई. आपल्या डोंगरकडा गावात ते समद्यांना ठाऊक हाय.

पण तुह्या घराचं सांगावं लागंल. दोन खोल्या, वर पत्रं. आधी तू हातानं चोळ्या शिवायचीस, साऱ्या गावच्या बायांच्या, वीत आन बोटं लावून माप घ्यायचीस. मग स्टँडवर टेलर आला, मशीनीवरचे ब्लाऊज आले आन तुह्याकडं कुणी येईना. त्याच वर्सांत गावातल्या म्हाताऱ्या एकामागं एक चालल्या व्हत्या. बाई मेली की तिचे कपडे नदीकाठी टाकायचे, न्हाईतर कुणाला तरी देऊन टाकायचे. तू दहाव्याला त्या घरी जायचीस आन एकच कपडा मागायचीस, एक चोळी न्हाईतर एक लुगडं. लोक म्हणायचे आली बघा घारीवानी. तू ऐकून घ्यायचीस आन कपडा घेऊनच उठायचीस. घरी आणून खुंटीला टांगायचीस. गुरुजीकडून चिठ्ठी लिहून घ्यायचीस, त्या बाईचं नाव आन ती काय काम करायची ते, आन ती चिठ्ठी कपड्याला आतून टाके घालून लावायचीस. गुरुजीच मग म्हणले, मावशी हे तर संग्रालय झालं, आन पत्र्यावर रंगानं लिहून दिलं, जुन्या कपड्यांचं घर. तवा आपला जिल्हा परभणी व्हता. आता हिंगोली झाला, पण पाटीवर अजून बी परभणीच हाय.

दर रविवारी तू पोरींना बलवायचीस. मी पहिल्यांदा आले तवा दहा वर्सांची व्हते. आईनं सांगून ठिवलं व्हतं, जा पण अंगात काय घालू नको, मेलेल्या बायांचं हाय ते, लागीर व्हतं. तू हिरव्या खणाची चोळी काढलीस आन मला म्हणलीस हात पसर. मी पसरीना. दुसऱ्या पोरीला तू चिठ्ठी वाचायला लावलीस, गंगाबाई, निंदायला जायची, गाणं म्हणायची. मी रडायलाच लागले. पोरी हासून राहिल्या. मग तू माह्या म्होरं खाली बसलीस आन हळूच म्हणलीस, "मेलेली बाई कपड्यात राहत असती, तर मी ह्या घरात एवढी एकटी राहिले असते का?"

मला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण माहे हात पसरले. बाह्या कोपराच्या खाली आल्या आन म्होरची गाठ बेंबीवर.

आन तुह्याकडं नुसतं नेसून आरशात बघायचं नसायचं. तू नऊवारी नेसवायचीस, काष्टा घालून द्यायचीस, आन म्हणायचीस जा आता आडावर, पाणी शेंद. जात्यावर बस. म्होरल्या लिंबाच्या झाडापस्तोर पळून ये. सुटलं तर सोताच्या हातानं परत नेस. पहिल्या दिवशी माहं लुगडं लिंबाच्या अलीकडंच सुटलं आन मी त्याच्यात गुतून तोंडावर पडले, गंगाबाईच्या चोळीत समदा धुराळा. मला वाटलं आता मार बसतो. तू म्हणलीस, गंगाबाई बी पडलीच असंल कवा. एकदा हिंगोलीहून एक बाई आली व्हती फोटू काढायला, ती म्हणली ह्या पोरींना नीट रांगेत उभं करा. तू तिला म्हणलीस, "ह्या कपड्यांना उभं राहायची सवय न्हाई, बाई." तिनं पळत्या पोरींचे फोटू काढले, समदे हाललेले आले असतील.

माही मोठी चूक तुला आठवती का, दांडाची. तू आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेली व्हतीस आन मला घर झाडायला ठिवलं व्हतं. म्या एक लुगडं काढून बघितलं तर अर्धं निळं आन अर्धं लाल, मदी जाड शिवण. बारा वर्सांचं डोस्कं माहं, मला वाटलं कुण्या येडीनं दोन लुगडी एकाला एक शिवून टाकली. म्या ब्लेड घेतलं आन समदी शिवण उसवली, दोन तुकडे येगळे घड्या घालून ठिवले आन तू कवा येतीस आन मला शाबासकी देतीस म्हणून उंबऱ्यात बसले. तू आलीस, बघितलंस, आन दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसलीस. मग सांगितलंस की बाईचं लुगडं मदीच फाटतं, बसून बसून. तवा ती दोन फाटक्या लुगड्यांतले चांगले अर्धे घेती आन एकाला एक जोडती. त्याला दांड म्हणतेत. तू म्हणलीस, "सुरे, ती शिवणच तर जपायची व्हती. लुगडं काय, दुकानात बी मिळतं."

मग माह्याकडून परत घालून घेतलास दांड. तीन रविवार लागले. बाकीच्या पोरी लिंबापस्तोर पळून राहिल्या आन मी सुई घेऊन बसलेली. टाके वाकडेच आले, पण त्या तीन रविवारांत मला जेवढं कळलं तेवढं साती वर्गात कळलं न्हाई, हे मी गुरुजींच्या तोंडावर लिहून राहिले, छापायचं तर छापा.

आता भांडणाचं सांगते. ते मला सांगायचं न्हाई, पण ते न्हाई सांगितलं तर बाकीचं सांगून काय उपेग.

मला गावातल्या गावातच दिलं, आत्याच्याच घरी, म्हणून लग्न झाल्यावर बी मी रविवारी येत गेले. ह्या साली पोरगी पोटाशी बांधून कापूस येचायला जाऊन राहिले. तवा लुगड्यावर, म्हंजे आता साडीवर, ह्यांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, समद्याच बाया घालतेत. त्या रविवारी दुपारच्या सुट्टीत मी तशीच आले, शर्ट घालून, बाहीला कापूस चिकटलेला. तू दारात आडवी झालीस. म्हणलीस ते काढ आन मग आत ये. म्या म्हणलं काहून. तू म्हणलीस इथं पोरी चांगलं बघायला येतेत, ती लाचारी कशाला दावायची त्यांना. मला राग आला मावशे. मला सहसा राग येत न्हाई, मला भ्याच येतं, पण त्या दिवशी आला. म्या म्हणलं, "दांडाचं लुगडं ठिवतीस, मग शर्ट काहून न्हाई? गरिबी तर दोन्हीत सारखीच हाय."

तू म्हणलीस, "दांड त्या बाईनं सोता घातला व्हता. शर्ट दुसऱ्याचा हाय. बाप्याचं उतरलेलं."

मला त्याचं उत्तर सुचलं न्हाई. उत्तर सुचत न्हाई तवा माणूस जे बोलू नये ते बोलतं. म्या म्हणलं, "तू बी तर मेलेल्या नवऱ्याचा शर्ट घालून कापसाला जातीस. मागच्या दारी काढून ठिवतीस आन मग पोरींना म्होरचं दार उघडतीस. आमाला काय दिसत न्हाई का?"

सहा पोरी बसल्या व्हत्या. एक खुदकन हासली. तू वळलीस आन लुगड्याची घातलेलीच घडी परत मोडून घालायला लागलीस, आन ती काय सरळ येईना. मी उंबऱ्यावरूनच माघारी गेले. त्याच्यानंतर तीन रविवार मी आले न्हाई. चौथ्याच्या आधी तुला ताप आला आन तू गेलीस.

मावशे, मी माफी मागत न्हाई. जे बोलले ते खरं व्हतं. पोरींच्या म्होरं बोलायला नको व्हतं, तेवढ्याची मागते, तेवढी घे. बाकीचं भांडण माहं अजून चालू हाय. तू अर्ध्यावर उठून गेलीस म्हणून तू जितलीस असं मी धरणार न्हाई. तुला उत्तर द्यायचं ऱ्हाऊन गेलं ते आता देते. तू म्हणलीस शर्ट दुसऱ्याचा. व्हय, दुकानातून आणला तवा त्यांचा व्हता. कॉलर झिजली ती म्या उसवून उलटी करून लावली. तीन बटनं म्या लावली, तीन रंगाची. बोंडाची टोकं मनगटाला लागून रगत येतं म्हणून बाहीला म्होरून दुहेरी पट्टी म्या शिवली, माप तू शिकवलं तसंच, बोटांनी. आन पोरगी भुकेली की बांधावर बसून वरची दोन बटनं काढायची, तिला आत घ्यायचं, वरून शर्टाची बाजू वढायची. वाटंनं कुणी बी जाऊ द्या. पदरानं एवढं झाकत न्हाई, पदर ती पायानं उडवती. तुला लेकरू नव्हतं मावशे, तुला हे कसं कळावं. पण तू इचारायला पायजे व्हतं. मेलेल्या बायांच्या घरी जाऊन इचारायचीस ही चोळी घालून ती काय करायची. मला इचारलं न्हाईस.

हे समदं मला सुचलं तवा तू सरणावर व्हतीस. लई राग आला मला तुहा.

मग तेरावा झाला. तुहा पुतण्या दिगंबर नांदेडहून आला व्हता, त्यानं जेवण चांगलं घातलं, माणूस वाईट न्हाई, पण त्याला घर इकून मोकळं व्हायचं व्हतं. दुसऱ्या दिवशी मी कापसात असताना एक पोरगी पळत आली, म्हणली मावशीचे कपडे जुन्या कपड्यावर भांडी देणाऱ्या भांडेवालीला देऊन राहिलेत. मी माह्या तान्हीला कवळ्यात धरून पळाले. आत्यानं बजावून ठिवलं व्हतं की मैतीच्या घरी महिनाभर पाय टाकायचा न्हाई, अंगावर पिणारं लेकरू हाय. मी पळाले.

ओट्यावर ढीग व्हता. समद्या बायांच्या समद्या चोळ्या, लुगडी, लेकरांच्या कुंच्या. शेजारी भांडेवालीनं एक स्टीलची घागर आन दोन पराती मांडल्या व्हत्या. दिगंबरची बायको कपड्यांतल्या चिठ्ठ्या उसवून काढून राहिली व्हती, कारण भांडेवाली म्हणली व्हती चिठ्ठीचा कपडा म्होरं कुणी घेत न्हाई. मला दम लागलेला, आन दिगंबर शिकेल माणूस, त्याला मी काय सांगू. तेवढ्यात पोरगी रडायला लागली. मी ढिगावरच बसले, शर्टाची बटनं काढली आन तिला पाजायला घेतलं.

खरं सांगते मावशे, ते म्या ठरवून केलं न्हाई. ती भुकेली व्हती आन बसायला तेवढीच जागा व्हती. पण मी बसले आन दिगंबर झटक्यात लिंबाकडं तोंड करून उभा ऱ्हायला, तवा मला समजलं की मी बसलेली हाय तवर ह्याला ढिगाजवळ येता येत न्हाई. तो लिंबालाच सांगून राहिला, वहिनी उठा, गाडीचा टाइम व्हतो. म्या म्हणलं लेकरू पिऊन राहिलं. एका बाजूचं झालं, म्या दुसऱ्या बाजूला घेतलं. ते झालं, परत पहिल्या बाजूला. पोरगी तर झोपली बी व्हती. दिगंबरची बायको माह्याकडं बघून राहिली, तिला दिसत व्हतं पोरगी झोपली हाय ते, पण तिनं नवऱ्याला सांगितलं न्हाई, आन तिच्या हातातल्या चिठ्ठ्या बी थांबल्या. भांडेवाली लई वेळ बसली आन मग पराती एकात एक घालायला लागली. म्हणली, "लेकरू पाजत बसलेल्या बाईच्या बुडाखालचं कापड मी वढणार न्हाई. मला बी लेकरं हायत."

दिगंबर लिंबाला म्हणला, मग घेऊन जा समदं तुमच्या घरी, घर मात्र मी इकणार. म्या म्हणलं नेते. निरोप आणलेल्या त्या पोरीनं आन म्या सात गठुडी वाहिली, उसवलेल्या चिठ्ठ्या बी त्यातच.

आत्या दारात उभी. आत्याची दोन लेकरं तान्ही असतानाच गेलेली हायत, म्हणून तिचं भ्या मी खोटं म्हणत न्हाई. ती म्हणली मेलेल्या बायांचं घरात आणायचं न्हाई. ह्यांनी खाली बघितलं, ह्यांना आईम्होरं बोलता येत न्हाई. शेवटी शेळ्यांच्या पडवीत ठिव म्हणली, पण लेकराच्या अंगाला त्यातलं काय लागू देऊ नको. म्या म्हणलं आत्या, मीच नेसणार तर लागणारच की. तिसऱ्या दिवशी पोरगीला ताप भरला.

मावशे, तवा मी किती भ्याले ते तुला सांगता येत न्हाई. आत्या नुसती पडवीकडं बघायची. म्या पोरगीला जीपमदी बाळापूरच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणले दात येऊन राहिलेत आन सर्दी हाय. औषीद दिलं. ताप उतरंना. एक डाव मी उठून पडवीत गेले बी, गठुडं उचललं, म्हणलं जाऊ दे नदीत, माही पोरगी राहिली म्हंजे झालं. हे बी तुला सांगून ठिवते, लपवत न्हाई. गठुडं उचलून उभी राहिले आन मग इचार केला की हे टाकलं आन ताप उतरला, तर मग जल्मभर मी असंच काय काय टाकत ऱ्हाईन, आन पोरगी बी माहं बघून तेच शिकंल. म्या गठुडं खाली ठिवलं. ताप दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. न्हाई उतरला असता तर म्या काय केलं असतं, मला ठाऊक न्हाई. मला इचारू नको.

मग रविवार आला. मी कुणाला बलवलं न्हाई, तरी सात पोरी पडवीत आल्या, आन त्यांच्या मागं दोन माह्यासंगच्या, लेकुरवाळ्या. उसवलेल्या चिठ्ठ्यांचं कोडं पडलं व्हतं, कोणती कुणाची. पण एकीनं चोळी उचलली आन म्हणली ही काखेत काचती, ही पाटलाच्या घरी दळायला जायची तिची. दुसरी म्हणली हे लुगडं आडावर जड व्हतं, हे मोठ्या घरचं. हिरव्या खणाची माह्या हातात आली तर मला चिठ्ठी वाचायची गरजच पडली न्हाई. एक चिठ्ठी सोडता समद्या जागच्या जागी लागल्या. तू पोरींना नुसतं बघायला लावलं असतंस तर आज एक बी लागली नसती. तेवढं तुहं बराबर व्हतं, मावशे, ते मी कबूल करते.

तुहा शर्ट म्या लई धुंडला. ढिगात न्हाई, मागच्या दारी न्हाई, शेजारणींना इचारलं, कुणाला ठाऊक न्हाई. सरणावर गेला का तूच आधी कुठं टाकून दिलास. तो असता तर तोच टांगला असता आन तुहंच नाव लावलं असतं, तू किती बी रागवलीस तरी.

तो गवसला न्हाई म्हणून म्या माहा टांगला. चिठ्ठी सोताच लिहिली, गुरुजीला न दावता. सुरेखा, कापूस येचते, लेकरू पाजते. कॉलरच्या आतून टाके घातले. आत्यानं बघितलं तर कपाळाला हात लावला, म्हणली जित्या माणसाचं नाव मेलेल्यांच्या रांगेत लावतेत का कुणी. मला बी भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्या काढलं न्हाई. म्या म्हणलं आत्या, मेल्यावर कुणी दहाव्याला येऊन मागंल का न्हाई त्याचा काय भरोसा, म्हणून आधीच देऊन ठिवला. आत्या पुटपुटत गेली. पण सोमवारी सकाळी मी शर्ट खुंटीवरून काढून घालायला लागले तर तीच म्हणली, चिठ्ठी मानेला टोचंल, चांगला टाका घाल.

तर आता असं हाय मावशे. सोमवारपसून शनिवारपस्तोर तो माह्या अंगावर असतो, रविवारी खुंटीला. तुला पटायचं न्हाई. नको पटू दे. परवाच्या रविवारी पाचवीतल्या एका पोरीनं तो फ्रॉकवर चढवला, बाह्या पार गुडघ्याला आल्या, आन तशीच ती लिंबापस्तोर पळून आली. धापा टाकत मला इचारती, "मामी, बाकीचं समदं जुनं हाय, मग हे जुनं कवा व्हणार?"

म्या म्हणलं, घालून घालून.